अक्षताच्या नावानं दिलेलं रक्त

सोलापूर,
१४ जून २०२४

ति. दादास,
वैजूचा सा. न. वि. वि.

दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला, म्हणून लिहिते. माझ्या अक्षताला हेपॅटायटिस सी निघाला. थॅलेसेमियामुळं तिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यातूनच हा काविळीचा विषाणू अंगात गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासूनच देतात, पण रक्त देणाऱ्याला नुकती लागण झाली असेल तर काही आठवडे तपासणीत दिसत नाही म्हणे. सात वर्षांत शंभरावर पिशव्या झाल्या, त्यातली कुठली ते कोण सांगणार? मी डॉक्टरांचं ऐकत होते आणि अक्षता नर्सबाईंना विचारत होती, सुईच्या हातावर मेंदी चालेल का.

आईला एवढ्यात सांगू नकोस. लोभ असावाच.

तुझी वैजू

*

मैंदर्गी,
२० जून २०२४

चि. वैजूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एप्रिलच्या शेवटी ताप आला तवा गल्लीतल्या डॉक्टरनं रांगेतल्या आमा तिघांना एकाच सुईनं टोचलं. मी बघत होतो, पण बोललो न्हाय. आणि मे महिन्यात अक्षतासाठी म्हणून रक्त द्यायला मीच आलो की. तुझं पत्र आलं त्या दिवशीच अक्कलकोटला जाऊन तपासून घेतलं. मलाबी तेच हाय. वैजू, पोरीला मीच दिलं का गं? जेवण जात न्हाय. खरं असंल ते लिही.

इंद्रजीत

*

सोलापूर,
९ जुलै २०२४

ति. दादास सा. न.

अक्षताला तू दिलं नाहीस. तिच्या फेब्रुवारीतल्या रिपोर्टातच लागण लिहिलेली होती. कागद फायलीत लागला, वाचला कुणीच नाही. मीसुद्धा नाही. आता तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, असं डॉक्टर म्हणतात.

पण आपण बदली म्हणून दिलेली पिशवी आपल्याच पेशंटला देतात असं नसतं. मग तुझी कुणाला गेली? तुला न विचारता रक्तपेढीत तुझं नाव सांगितलं. रागावू नकोस.

काल वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या हमजाची आई, सुगराबी, रडत होती. रक्तपेढीनं त्याला बोलावून तपासलं होतं. मे महिन्यातल्या एका पिशवीतून त्यालाही लागण झाली होती. रक्तपेढीकडून कळलेली रक्तदानाची तारीख तिनं सांगितली, ती तुझीच. गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "ते रक्त माझ्या भावाचं होतं."

तिनं हमजाला जवळ ओढलं. मग डोळे पुसून विचारलं, "तुमच्या भावानं गोळ्या सुरू केल्या का?"

तेच तुला विचारते, दादा. पत्र मिळताच गोळ्यांसाठी इकडं निघून ये. माझी माया तसूभरही कमी झालेली नाही, हे मनात धरूनच एसटीत बस.

तुझी वैजू