यादीतील शेवटची शाळा

सर, आपल्याला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ज्या घरी मी आपले टपाल नेऊन देत असे, तेथे आता दुसरे कुटुंब राहते. तरीही हा कागद पुढे ओढला आहे, कारण यातील मजकूर ऐकून घेण्याचा अधिकार दोनच माणसांना होता आणि त्यांपैकी दुसरे माणूस मागील श्रावणात गेले. ही गेली, सर. हाटकेशमधील आमच्या घरात आता मी एकटाच असतो. दुपारी जेवण झाले की बाल्कनीत तिच्या खुर्चीवर बसतो. खालच्या गाळ्यांतून यंत्रांची एकसुरी घरघर वर येत असते. तिच्यात माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की ती घरघर विधान परिषदेच्या सभागृहातील कुजबुज होते. पायांखाली गालिचा येतो. आपण आपल्या बाकाशी उभे असता, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात मी टंकलिखित केलेला कागद. सभापती आपले नाव पुकारतात, आणि बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आपण मान वर करून गॅलरीत माझ्याकडे पाहता.

शाळेत आपण मला भूगोल शिकवलात. पुढे शिक्षकांनी आपल्याला आमदार म्हणून वरिष्ठ सभागृहात पाठवले, तेव्हा आपण मला सहायक म्हणून बोलावून घेतलेत. अधिवेशनाचे दिवस वर्षातून थोडे. उरलेले दिवस आपण शाळा पाहत हिंडत होता. कोठे भिंत पडली आहे, कोठे पद रिक्त आहे, हे मुख्याध्यापक सांगतच. परंतु शिक्षिकांना आपण एकच प्रश्न विचारीत होता, आणि तोही खालच्या आवाजात: शाळेत पाणी किती पिता? पहिल्या वेळी मला तो शिष्टाचाराला सोडून वाटला. तिसऱ्या शाळेत त्याचा अर्थ कळला. ज्या शाळेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसे, तेथील शिक्षिका दिवसभर पाणी पीत नसत. त्या शाळांची नावे आपण एका कागदावर उतरवीत होता, आणि आगामी अधिवेशनासाठी त्यावरून तारांकित प्रश्न तयार करण्याचे काम माझ्याकडे होते.

त्याच सुमारास आपण आमच्याकडे जेवायला आला होता. टेबल मांडलेले असूनही आपण थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. हिने वालाचे बिरडे केले होते, तव्यावर भाकरी फुगत होती. चेणे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत ही शिकवते, हे आपल्याला ठाऊक होते. दुसरी भाकरी मोडता मोडता आपण विचारता, "ताई, शाळेत पाणी किती पिता?"

"शाळेत नाही पीत सर. सुटल्यावर घरी येऊन पिते."

"तहान नाही लागत?"

"लागते की. पण तहानेला थांब म्हणता येतं, सर. दुसऱ्याला नाही." असे म्हणून ती हसते आणि भाकरी उलटते.

आपण हसत नाही. माझ्याकडे वळून विचारता, "हे तुला ठाऊक होतं?"

"नाही, सर."

"घरातलं ठाऊक नाही, आणि मंत्र्यांना विचारायला निघालायस."

एवढेच बोलून आपण खिशातून ती यादी काढलीत, गुडघ्यावर ठेवलीत आणि खरकटा उजवा हात दूर धरून डाव्या हाताने तिच्या शाळेचे नाव शेवटी लिहिलेत. ते वेडेवाकडे अक्षर आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. भाकरी करपल्याचा वास मात्र मागाहून आला.

प्रश्नाचा मसुदा व यादी टंकलिखित करून मी विधान भवनात तपासून घेण्यासाठी नेली. तेथील एका लिपिकाने यादीवरून बोट फिरवले आणि शेवटच्या नावावर थांबून म्हणाला, "काय साहेब, वहिनींची शाळा पण बसवलीत? मग आमच्या मेहुणीची पण टाका की." भोवतालची मंडळी हसली. थट्टाच होती, त्यात विष नव्हते. परंतु ज्याने कार्यालयातील पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही, त्या माझे कान तापले. उद्या सभागृहात कोणी म्हणाले की सदस्यांच्या सहायकाने घरचे काम प्रश्नात घुसवले, तर आपल्या नावाला बट्टा लागेल, असे मी स्वतःला समजावले. आपल्या नावाला की माझ्या, हे तेव्हा तपासले नाही. बाजूच्या टेबलाशी बसून मी यादीचे पान पुन्हा टंकलिखित केले, शेवटची ओळ वगळून.

सहीसाठी मी कागद पुढे केला, तेव्हा आपण जिना उतरत होता. आपण कठड्यावर कागद ठेवलात आणि विचारलेत, "सगळ्या आहेत ना रे?"

"होय, सर."

आपण न वाचता सही केलीत. माझ्या कागदावर आपण कधीच पुन्हा नजर फिरवली नाही.

प्रश्न सभागृहात आला तो दिवस मी विसरू शकत नाही. यादीतील शाळांमध्ये शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह नाही, हे खरे आहे काय? बहुतेक वेळा उत्तर येई, अंशतः खरे आहे. त्या दिवशी मंत्री म्हणाले, हे खरे आहे. आपण उपप्रश्नासाठी उभे राहिलात. "सभापती महोदय, मी एवढंच विचारतो, सन्माननीय मंत्री महोदयांना सकाळी घोटभर पाणी पिताना संध्याकाळचा विचार करावा लागतो का?" सभागृह हसले, आणि मग हळूहळू गप्प झाले. मंत्र्यांनी आश्वासन दिले की यादीतील प्रत्येक शाळेत वर्षभरात सोय होईल. यादीतील. आपण गॅलरीकडे पाहून हसलात. सदस्याने गॅलरीकडे पाहून खूण करू नये असा संकेत आहे, आणि आपण संकेत मोडलेला मी त्या एकाच वेळी पाहिला.

त्या संध्याकाळी आपण हिच्यासाठी पितळेचा फिरकीचा तांब्या दिलात. "ताईंना सांग, आता भरून न्यायचा आणि रिकामा आणायचा."

तिने तो रोज नेला. काही महिन्यांनी एकदा विचारले, "अहो, आमच्याकडे कधी येणार माणसं?" मी म्हणालो, पुढच्या यादीत आहे. ती "बरं" म्हणाली. पुढची यादी झालीच नाही. आपली मुदत संपली, आणि नंतर आपणही गेलात. संध्याकाळी घरी आल्यावर ती तांब्याची फिरकी उघडून बाल्कनीतील मोगऱ्याला पाणी घाली. कुंडीत धार पडताना मी वर्तमानपत्र वाचत असे. तिला झाडांची आवड आहे, एवढेच मला वाटे. ते शाळेत न प्यायलेले पाणी आहे, हे मला दिसत असूनही दिसले नाही. शाळेत सोय झाली तेव्हा तिच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

पुढे तिची मूत्रपिंडे गेली. ती वर्षानुवर्षे शाळेत पाणी पीत नसे, हे मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "कारणं अनेक असतात, काका. एकच धरून बसू नका." रुग्णालयात तिला पाणी मोजूनच द्यायचे असे. परिचारिका संकोचून म्हणाली, "आजी, एवढंच हं." ही म्हणाली, "द्या. सवय आहे मला." माझ्याकडे तिने पाहिले नाही.

तिचे कपाट आवरताना निरोपसमारंभात मिळालेल्या साडीच्या घडीत मला तो छापील प्रश्नोत्तराचा कागद सापडला, यादीसह. घड्या विरल्या आहेत, म्हणजे तो अनेकदा उघडला गेला असावा. त्यावर खूण नाही, रेघ नाही. तो तिच्याकडे केव्हापासून होता, हे मला सांगता येत नाही.

शेजारच्या बाई परवा म्हणाल्या, "अंकल, आंटी का मोगरा है, सूखने मत देना." मी रोज त्याच तांब्याने पाणी घालतो. या पत्रापूर्वी मी हे सारे प्रश्नाच्या नमुन्यात लिहून पाहिले. सदर नाव वगळले, हे खरे आहे काय? हे खरे आहे. असल्यास, ते सांगण्यास झालेल्या विलंबाची कारणे काय आहेत? तेथे लेखणी थांबली.

हे पत्र मी घडी करून तांब्याखाली ठेवणार आहे. आज दुपारीही डोळा लागला, गालिचा आला, आपण मान वर करून गॅलरीकडे पाहिलेत आणि विचारलेत, "सगळ्या आहेत ना रे?" या खेपेस सांगायचे असे ठरवूनच मी खुर्चीत बसलो होतो. आपल्यापासून आता काय लपवायचे, सर. मी उठून उभा राहिलो, आणि पुन्हा "होय" असेच म्हणालो.