वैशाखातले चक्रवाक

रविवार, वैशाख. रात्रीची जेवणं झाल्यावर.

आज यांच्याशी खोटं बोलले, आन ते बी धड जमलं न्हाई.

यांचं डोळं गेल्यापासून दर रविवारी सकाळी यांना रिक्षानं तळवड्याच्या तळ्यावर नेते. मी पक्ष्याचा रंग, चोच सांगायची, हे नाव सांगणार. कंपनी सुटल्यावर दुसरं येड तरी काय होतं यांना? आज बघते तर तळं बुजवलेलं. नुसता राडारोडा, वर रोलर फिरलेला. मेल्यांनी एका आठवड्यात उरकलं.

हे म्हणाले, "अगं, बोल की. काय दिसतंय?"

कसं सांगायचं? म्हटलं, "चक्रवाक हायेत. सात."

"सात? लई झाले," म्हणाले, आन त्या मातीकडं तोंड करून तासभर बसले.

संध्याकाळी भाकरी थापताना डोक्यात आलं. चक्रवाक थंडीतले, होळीनंतर थांबत न्हाईत. याच माणसानं चाळीस वर्षं हे सांगून माझं डोकं खाल्लं. मग चक्रवाकच कुठून सुचले मला? बगळे म्हणाले असते तर जीभ झडली असती काय?

जेवताना हे हळूच म्हणाले, "आता रविवारचं नको जायला. तुझं गुडघं दुखत्यात."

माझं गुडघं ठणठणीत हायेत.