बाबांची बशी

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगते, मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांच्या गाठीचा तुकडा तू आमच्या प्रयोगशाळेला दिलास, त्यातल्या पेशी बाबा गेल्यावरही काचेच्या बशांत अजून जगतायत. त्यांना मीच रोज खाऊपिऊ घालते.

आमचं औषध अतिसूक्ष्म कणांत भरलेलं असतं. कणांवर अ‍ॅप्टामर नावाचा डीएनएचा धागा असतो, तो फक्त रोगट पेशी ओळखून चिकटतो. काल बाबांच्या पेशींवर ते घातलं. एकही वाचली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

एक बशी मात्र मी आधीच उबेच्या कपाटात मागे सरकवून ठेवली होती. ते बाबा नाहीत, त्यांचं दुखणं आहे, हे मला कळतं गं.

सुट्टीत घरी का येत नाहीस, म्हणतेस. मी आले, तर बाबांना जेवायला कोण घालेल?

तुझीच,
धाकटी