सात नंबरची गाडी

ता. ११ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद, रागात असलास तरी घे. आम्ही बरे आहोत. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय.

माझं काम तेच. अग्निशमन दलाचे वायरलेस सेट दुरुस्त करायचे आणि बिघाड माझ्यामुळे झालेला नाही हे साहेबांना पटवायचं. गेला महिनाभर मात्र एका बिघाडाने नाकीनऊ आणले. भर दुपारी कुणीतरी सेटचं बोलायचं बटण दाबून धरायचं. बोलणं नाही, नुसती शांतता, पण तेवढा वेळ कुणालाच चॅनलवर बोलता यायचं नाही. एका गोदामाला आग लागली तेव्हा गाडीला रस्ता सांगता आला नाही. माणसं वाचली, पण चालकाने माझ्याकडे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दिशा दाखवणारी एरियल घेऊन मी गावभर फिरले. बसडेपो, टॅक्सीवाले, बांधकामावरचे मुकादम, सगळ्यांशी हुज्जत घातली. काटा दरवेळी आपल्या गल्लीकडे वळायचा आणि मी दरवेळी ते सोडून द्यायचे. घरी मी दुरुस्तीला आणलेले सेट चालू असतात, काटा त्यांनाच भुलत असेल, अशी माझी समजूत.

शेवटी मंगळवारी भर दुपारी घरी आले. बाबा निवृत्तीनंतर दलाच्या कंट्रोल रूममधून घरी आणलेल्या त्यांच्या जुन्या सेटपुढे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. बटण दाबून म्हणत होते, "सात, ऐकताय का? सात, स्टेशनला परत या."

माईक केव्हाचा मेलेला. बाहेर जात होती ती फक्त शांतता.

"बाबा, काय करताय?"

"ड्यूटीवर आहे. चहा नंतर."

आता खरं लिहिते. बाबांना विसर पडायला लागलाय. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, आणि परवा मला शेजारीण समजून त्यांनी माझीच चौकशी केली. तुला कळवायचं टाळत होते. तुला वाटलं असतं, ताई दयेच्या नावाखाली समेट करायला बघतेय. तुझा राग रास्त आहे. सगळ्या दलाच्या कानांवर जाईल असं त्यांनी तुला रेडिओवर झापलं आणि तू तुझ्या सात नंबरच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलास. मीही तेच केलं असतं. पण त्यांच्या लेखी सात नंबरची गाडी अजून परतलेली नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ते बाबांच्या हाताखाली शिकलेले, स्वतः घरी आले. सेट उचलायला गेले तर बाबांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग मी त्याची बाहेरची एरियल काढली, माईक बदलला आणि दुसरा चॅनल लावला. आता तो घरापुरताच बोलतो.

काल मी स्वयंपाकघरात दुसरा सेट घेऊन उभी राहिले. आवाज जाड करून म्हटलं, "सात बोलतोय. परत येतोय."

मग बाबा म्हणाले, "कोण आहे ते? चॅनल मोकळा करा. हा सातचा आवाज नाही."

मला ते ओळखत नाहीत, धाकट्या, पण तुझा आवाज अजून ओळखतात. मला रडू आलं. खरं सांगते, तुझा हेवाही वाटला. हे किती दिवस टिकेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

रविवारी ये. माफी कुणी कुणाची मागायची नाही. बटण दाब आणि बोल.

तुझ्या जागी बोलून पाहिलेली,
ताई