वीस तंगड्या, निम्मा डोस

९ जुलै, बुधवार
दोन वर्षांचं पोरगं आलेलं, हात सुजलेला. सारखं हलत होतं म्हणून तीनदा एक्स-रे. त्याची आई विचारत होती, एवढ्या किरणांनी बाळाला काही होणार नाही ना. मी नेहमीसारखं नाही म्हटलं. मग भिंतीवरचा तक्ता बघितला. बाळाच्या हाताला जवळजवळ मोठ्या माणसाएवढाच डोस. मोरेकाका ह्या एक्स-रे सेंटरचे जुने टेक्निशियन, त्यांच्याच हाताखाली शिकतोय. म्हणाले, डिजिटल मशीन आहे, जास्त दिलं तर फोटो बिघडत नाही, कमी दिलं तर दाणे येतात. कमी म्हणजे किती कमी? ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. डोक्यातून जात नाहीये.

११ जुलै, शुक्रवार
ठाण्याला कॉलेजात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ह्यावरच करतो म्हणालो. सर म्हणाले, "अरे, जुनी फाइल घे, नाव बदल. प्रोजेक्ट पडला तर डिप्लोमा अडकेल." दहावी दोनदा दिलेला माणूस मी, मध्ये तीन वर्षं सेंट्रिंगची कामं. अडकायची सवय आहे. पण गावी आई सगळ्यांना सांगून बसलीय, पोरगा यंदा पास होतोय...
तरी हाच करणार.

१४ जुलै, सोमवार
रेडिओलॉजिस्ट मॅडमना विचारलं. पहिलं वाक्य, पेशंटवर प्रयोग नाही. दुसरं, बाळाच्या हाताएवढं दुसरं काहीतरी शोध. येताना मानपाड्यात चिकनच्या दुकानासमोर पाय थांबले. सापडलं.
काकांचा श्रावण कडक. श्रावणात सेंटरमध्ये कोंबडी दिसली तर मशीनला हात लावू देणार नाही म्हणाले. म्हणजे दहा दिवस.

२४ जुलै, गुरुवार
उद्या श्रावण. दुकानात ही रांग. चिकनवाला म्हणे, "बीस टंगडी? पार्टी है क्या?" म्हटलं, एक्स-रे काढायचाय. तो पण कमी नाही. "गिर गयी थी क्या?"
दहा तंगड्यांची हाडं पकडीने दाबली, बारीक चीर जाईल एवढीच. दहा तशाच. प्रत्येकीला नंबरची तार. खरं काय ते फक्त ह्या वहीत. दुपारी मशीन रिकामं होतं तेव्हा प्रत्येकीचे दोन फोटो, एक तक्त्याच्या डोसला, एक निम्म्या. काका दारात. "कोणी आलं तर काय सांगू, आत कोंबडीचा नंबर लागलाय?"
मॅडम फोटो बघायला बसल्या, मी शेजारी. चौथ्या फोटोला त्यांनी मला बाहेर काढलं. "तुझा चेहरा उत्तर सांगतोय." आता आठ दिवसांनी, क्रम उलटसुलट करून, मी नसताना बघणार. ही अक्कल मला कशी नाही आली?
संध्याकाळी रूमवर तंगड्या शिजवल्या. पोरांची गटारी झाली. अट एकच, हाड चावायचं नाही. धुतलेली हाडं नंबर टाकून पुड्यांत.

१ ऑगस्ट, शुक्रवार
मॅडमची उत्तरं आली. मोडलेली दहाच्या दहा ओळखली, दोन्ही डोसला. पण चौदा नंबर! तक्त्याच्या डोसला त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलंय, निम्म्या डोसला सरळ 'चीर'. वहीत चौदा शाबूत. म्हणजे निम्म्या डोसला नसलेलं पण दिसतं. संपलं. सरांची जुनी फाइल घ्यावी काय.
जेवलो नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
सकाळी चौदाची पुडी सोडली. नखाने चाचपलं. अडकलं. उजेडात धरलं तर केसाएवढी चीर! दुकानातच सुरा लागला असणार. वही चूक, मॅडम बरोबर, निम्मा डोस बरोबर. एकटाच खोलीत उड्या मारल्या, खालच्या काकूंनी छताला काठी ठोकली.
मॅडमना दाखवलं. हसल्या. पण लगेच जमिनीवर आणलं. निम्मा डोस चांगला असं लिहायचं नाही, एवढ्या तंगड्यांत वाईट दिसला नाही, एवढंच. वहीतली जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर एक रेघ, बाजूला तारीख आणि कारण. तसंच केलं.

६ ऑगस्ट, बुधवार
मॅडमनी दोन दिवस तक्ता तपासला, कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. लहान मुलांच्या हातापायाचा आकडा कमी करायला सांगितलं, निम्म्यावर नाही, थोडा वर. काकांनी स्वतः पेन घेतलं. जुना आकडा खोडला, नवा लिहिला. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी जास्त देत होतो काय रे." त्यांनी चहा मागवला, दोन.

१८ ऑगस्ट, सोमवार
ठाण्याला तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, चौदा नंबरची रेघ मारलेली नोंद बराच वेळ बघत बसले. सर बाजूला घाम पुसत होते. मग प्रश्न. कोंबडीच्या हाडावरून बाळाच्या हाडाबद्दल किती सांगता येतं?
पूर्वीचा मी असतो तर काहीही ठोकून दिलं असतं.
म्हटलं, "माहीत नाही सर. ते शोधायला कोणाकडे जाऊ, तेवढं सांगा."
त्यांनी चष्मा काढला. फाइलवर काहीतरी लिहिलं, दोन ओळी तरी असतील, आणि फाइल मिटून आपल्या बाजूला सरकवली. मला हसून म्हणाले, बस, कोणाकडे जायचं ते सांगतो, अजून बोलायचंय.