बोटीला साजेशी गाडी

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनी यांना,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण गेल्या महिन्यापासून पाठ धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसून वाकता येईल तेवढं वाकले आहे असं समजा. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? (फोनवर तू 'एकदम ठणठणीत' म्हणालास, पण मागून वहिनीचं हसणं ऐकू आलं, म्हणून लेखी विचारते आहे.) वहिनीचं शिवणयंत्र दुरुस्त झालं का? नसेल तर तू स्वतः उघडू नकोस एवढीच विनंती.

तू विचारलं होतंस की गेले काही महिने आम्ही फोन का उचलत नाही. आम्ही गाडी शोधत होतो. साधी गाडी नाही, बोट ओढणारी. आता बोट कुठून आली ते सांगते, नाहीतर तुला वाटेल शाळेत भूमिती शिकवून शिकवून माझंच काहीतरी बिनसलं.

बोट आमच्या बाबांनी बनवली. (माझे सासरे. आपले बाबा बोट कसली, न्हाणीघरातल्या बादलीलाही जपून असायचे.) जन्मभर त्यांनी दारं-खिडक्या केल्या. सासूबाई गेल्या आणि त्यांनी रंधा खाली ठेवला तो ठेवलाच. वर्षभर घरात असून नसल्यासारखे. हाक मारली की जेवायला यायचे, ताटात पडेल ते खायचे, उठायचे. ज्या माणसाने मी या घरात आल्यापासून रोज 'मीठ कमी आहे' म्हटलं, तो अळणी भाजी गुपचूप खातो हे मला बघवेना. मग एका सकाळी अंगणातून ठोकाठोक ऐकू आली. जाऊन विचारलं, "काय करताय बाबा?" तर म्हणाले, "बोट." का, कशासाठी, कोणासाठी, आम्ही कोणी विचारलं नाही. त्या दुपारी पहिला घास घेऊन ते म्हणाले, "भाजीत मीठ नाही." मी मिठाची बरणी आणायला म्हणून आत गेले आणि पदराने डोळे पुसून बाहेर आले, बरणी न घेताच.

बोट यथावकाश पुरी झाली. लांबून पाहिलं तर बोटच वाटते. जवळ गेलं की ती दाराच्या नात्यातली आहे हे कळतं. तिला कड्या आहेत, कोयंडे आहेत, आणि डाव्या अंगाला एक बिजागरी आहे, ती कशासाठी हे आता बाबांनाही आठवत नाही. शिवाय बाबांना हलकं काम येत नाही. चोराने लाथ मारली तर चोराचा पाय मोडला पाहिजे, या हिशोबाने त्यांनी आयुष्यभर दारं केली आणि त्याच हिशोबाने बोटही केली. तळं आहे डोंगराच्या पलीकडे. बोट ठेवायला दोन चाकांचा ट्रेलर मिळाला. आता तो ओढायचा कशाने?

"आपली गाडी आहे की," जावईबापू म्हणाले. (आमच्या लग्नात तू त्यांना ही हाक मारलीस, तेव्हापासून घरात तेच नाव पडलं आहे.) त्यांचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे नुसतं बघून अंदाज सांगायचा त्यांना नाद आहे. आमची गाडी तुला माहीत आहे. तीत वहिनी आणि वहिनीची पर्स एकदम बसत नव्हत्या. तिला मागे आकडा लावला, त्यावर ट्रेलर चढवला आणि गाडीचं मागचं अंग असं खाली बसलं की ती तोंड वर करून ढगांकडे बघायला लागली. तरी मी निघाले. गल्लीच्या टोकाला एक चढ आहे. (तुला आठवणार नाही. तिथे चढ आहे हे आम्हालाही त्याच दिवशी कळलं.) मी जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबत होते आणि आरशात शेजाऱ्यांचं फाटक हळूहळू मोठं होत होतं. फाटकाला फार काही झालं नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी नवीन करून दिलं, ते इतकं भक्कम झालं आहे की शेजारीण सध्या दोन्ही हातांनी उघडते.

मग आम्ही गॅरेजवाल्याकडे गेलो. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "ओढायचं काय, कोणीही ओढेल. उतारावर थांबवणार कोण?" त्याचं म्हणणं, नुसती बोट मोजायची नाही, ट्रेलर, वल्ही, डबे-पिशव्या सगळं धरायचं आणि ते पेलून ब्रेक लागेल अशी दणकट गाडी बघायची. बाबा म्हणाले, "मीसुद्धा धरा, मी बोटीतच बसणार." त्यांना हे नियमात बसत नाही हे पटवण्यात अर्धी दुपार गेली.

दणकट गाडी म्हणून आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता इतका गोड बोलायचा की जावईबापूंनी त्याला चष्म्याचा नंबर तपासून द्यायचं कबूल केलं. गाडीत टीव्हीएवढा पडदा होता. खुर्ची पाठ चेपून देत होती (माझा निर्णय तिथेच झाला होता). पण बाबा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "हिने ओढता येईल का?" विक्रेता दुखावला. म्हणाला, "आजोबा, ही ओढायची वेळच येणार नाही. ही बंद पडत नाही." बाबांनी त्याला बोट समजावली. मग तो आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, ओढेल, पण मग हमी राहणार नाही. आम्ही त्याचा चहा पिऊन उठलो.

त्यानंतर गॅरेजवाल्याला आमची दया आली आणि त्याने स्वतःची जीप दिली. उंच, आखूड, तिच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरतात. हीच योग्य, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला. सरळ रस्त्यावर थोडा वेग आला आणि मागे बोट डोलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग बोटीच्या डोलण्याने जीपही डोलायला लागली. जावईबापू पांढरेफटक पडले. मी पाय उचलून गाडी हळूहळू थांबवली, आणि गॅरेजवाला दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून म्हणाला, "लांब गाडी पाहिजे बरं का." जणू हे तो पहिल्यापासून सांगत होता.

शेवटी गाडी मिळाली ती बाबांना. एका दुपारी ते फिरून आले, हातात अर्धा खाल्लेला कोन. म्हणाले, "गाडी बघून आलो. मागून चांगली जड आहे." बागेपाशी एक गृहस्थ बरीच वर्षं आइस्क्रीमची गाडी लावायचे. आता मुलीकडे राहायला चालले होते आणि गाडी कोणी घेईना. गॅरेजवाला गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तेव्हा तेलाने माखलेला चेहरा नुसता फुलला होता. लांब आहे, सांगाडा ट्रकचा आहे, जोर मागच्या चाकांवर आहे, इतकी वर्षं फ्रीजरचं ओझं वाहिलं आहे. फ्रीजर काढू, आकडा तेवढा नवीन लावू, म्हणाला. रंग गुलाबी आहे आणि टपावर माणसाएवढा कोन आहे, ही बाब त्याला सांगण्यासारखी वाटली नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. मुलं गाडीमागे उभी राहतात, त्यांना कळावं म्हणून त्या गृहस्थांनी तारांची अशी जोडणी केली होती की गाडी रिव्हर्समध्ये टाकली की टपावरच्या कर्ण्यातून आइस्क्रीमचं गाणं सुरू होतं. आता बोट पाण्यात उतरवायची तर ट्रेलर उलटाच न्यावा लागतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. गाडी डोंगर कशी चढली ते विचारू नकोस, मी चक्क गुणगुणत होते. तळ्याकाठी उतरती फरसबंदी आहे. ट्रेलर मागे घेताना चाक डावीकडे वळवलं की बोट उजवीकडे जाते. हे मी आदल्या दिवशी घरी फळ्यावर कोन काढून सगळ्यांना सिद्ध करून दाखवलं होतं. प्रत्यक्षात मी डावीकडे वळवलं आणि बोट झुडपात गेली. उजवीकडे वळवलं, दुसऱ्या झुडपात गेली. एव्हाना गाणं मोठ्याने चाललं होतं आणि तळ्यावर आलेली झाडून सगळी माणसं रांग लावून उभी होती. आइस्क्रीम द्यायच्या खिडकीत जावईबापू उभे राहून मला खुणा करत होते. "डावीकडे घे, डावीकडे," ते ओरडत. रांगेतल्या एक आजी विचारत, "व्हॅनिला आहे का?" "नाही, बोट आहे," हे म्हणत. "मग दोन बोटी द्या," असं एकजण मागून म्हणाला आणि सगळी रांग हसायला लागली.

मी फळ्यावरचे कोन डोक्यातून काढून टाकले, मान पिरगळून (पाठीचं मूळ इथे आहे) फक्त बोटीकडे बघितलं, आणि ती सरळ मागे गेली. चाकं पाण्यात बुडाली. बोट हलली, उचलली गेली, तरंगली. रांगेने टाळ्या वाजवल्या. बाबा कमरेपर्यंत पाण्यात उभे होते, हात बोटीच्या काठावर, दाराची चौकट ओळंब्यात बसली की हात ठेवतात तसा. "तिला आवडलं असतं," ते म्हणाले. आणि लगेच, "पण बसली नसती. पाण्याला घाबरायची." मग चढून वल्ही मारत दूर गेले. आम्ही काठावर उभं राहून हात हलवत होतो आणि गाणं बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

असा सगळा आनंद आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल.

तुझी धाकटी

ता. क. – बाबा त्या दिवशी परत आले ते हिरवे होऊन. त्यांना बोट लागते. आयुष्यात पहिल्यांदाच पाण्यात गेल्यामुळे हे आधी कळायला मार्ग नव्हता. 'तरंगते हे बघितलं, पुरे झालं,' म्हणतात.

पुन्हा ता. क. – गाडीत फ्रीजर परत बसवला आहे. रविवारी बाबा खिडकीत असतात, मी कोन भरते, जावईबापू रांग सांभाळतात. बाबा गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात की आइस्क्रीम वितळतं. व्हॅनिलात मीठ कमी आहे असं कालच म्हणाले.

शेवटचा ता. क. – तर बोट तुम्ही घेऊन जा. तुझं अंगण मोठं आहे आणि नदीही जवळ आहे. कड्या-कोयंडे सगळं शाबूत आहे. ती ओढायला गाडी कशी निवडायची हे तुला नीट कळावं म्हणूनच वर एवढं सविस्तर लिहिलं. आमची मात्र मागू नकोस, तिला सवड नसते.