नकाशावरचे सातशे मीटर

मलकपेठ, हैदराबाद
१७ जून २०२४

ती. दादा यांस,
प्रमिलाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला शाळेत ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. सुट्टी संपवून गेले, तर आमच्या शाळेला कुलूप! पटावर एकतीसच मुलं, म्हणून ती मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळली. हेडबाईची मी नुसती बाई झाले. त्याचं काही नाही, पण एवढाली पोरं तो रस्ता ओलांडणार कशी? परवा पहिलीतली त्रिवेणी ऑटोखाली येता येता वाचली. गुडघा फुटला तरी रडली नाही, उलट ऑटोवाल्याशी भांडली. रडले मी.

शिक्षण खात्याचे अधिकारी यादगिरी साहेब, त्यांना भेटले. ते म्हणाले, की नकाशावर अंतर सातशे मीटर आहे, नियमात बसतं.

वहिनींना नमस्कार. लोभ माझ्यावर करा, राग साहेबांवर.

तुमची,
प्रमिला


नांदेड
२४ जून २०२४

चि. सौ. प्रमिलास,
दिगंबरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. माझा आवाज तुला ठाऊक आहे. गल्लीतही सगळ्यांना कळलं. चाळीस वर्षं वकिली केलेला भाऊ असताना घाबरतेस कशाला? अकरा पानी नोटिशीचा मसुदा सोबत आहे. मात्र तू स्वतः काही करू नकोस. लहानपणी गुरुजींच्या खुर्चीला डिंक तू लावलास आणि मार मी खाल्ला, हे मी विसरलेलो नाही. पेन्शनीला दोनच वर्षं राहिलीत, सभ्यपणे वाग.

त्या पोरीच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
दादा


मलकपेठ, हैदराबाद
६ जुलै २०२४

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

गुडघ्यावर खपली धरली. नोटीस झकास आहे, पण ती वाचून होईपर्यंत पोरं दहावी होतील. मी अगदी सभ्यपणे वागले. साहेबांना निमंत्रण धाडलं, की सुरक्षिततेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून यावं, शाल-नारळ आहे, फक्त जुन्या शाळेपासून नव्या शाळेपर्यंत मुलांसोबत चालत जायचं आहे. शाल म्हटल्यावर आले.

साडेआठला निघालो. दोघादोघांची जोडी, हात सोडायचा नाही, हा आमचा नियम. साहेबांची जोडी त्रिवेणीशी लावली. तिनं न विचारताच आपलं दप्तर त्यांच्या खांद्याला अडकवलं. फुटपाथवर आधी चहाची टपरी, मग उघडं गटार. त्यात साहेबांचा एक बूट गेला. शपथेवर सांगते, ते गटार मी उघडलेलं नव्हतं.

रस्त्याच्या मधोमध, दुभाजकाला चिकटून अकरा मिनिटं उभे होतो. साहेबांचा फोन वाजला. ते हात सोडवायला लागले, तशी पोरगी कडाडली, की हात नक्को छोडो साब, मर जाते! तेवढ्यात एक बस त्यांच्या पोटाला वारा घालून गेली. फोन वाजून वाजून थांबला. साहेबांनी तिचा हात इतका घट्ट धरला, की तिची बोटं लाल झाली.

पोचेस्तोवर चौतीस मिनिटं लागली. नुसत्या मोज्यावर उभं राहून त्यांनी शाल घेतली. मग भाषणाला उठले, तेव्हा त्रिवेणीचं दप्तर अजून त्यांच्या खांद्यालाच होतं. मी हसायची तयारी ठेवली होती, पण हसू आलं नाही.

तुमची,
प्रमिला


मलकपेठ, हैदराबाद
२९ जुलै २०२४

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

पेढे समजून हे पत्र खा! साहेबांचा लेखी आदेश आला. पहिली ते तिसरी जुन्याच शाळेत राहणार आणि मी पुन्हा हेडबाई. मोठ्या मुलांसाठी रस्त्यावर दोन्ही वेळा होमगार्ड उभा राहणार. हे यंदापुरतंच, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलंय. तेव्हा तुमची नोटीस जपून ठेवा, पुढल्या वर्षी लागेल. तोवर चिडवत राहा, त्यातलं प्रेम मला पोचतं.

तुमची,
प्रमिला

ता. क. – सगळे खूश आहेत, एक त्रिवेणी परेशान. साहेबांचं ऑफिस आबिड्सला आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं. काल मला विचारत होती, की तिकडे तर केवढी गर्दी, मग साबचा हात कोण धरतं?